बिनमालकाचं जहाज

"दोरीला हात लावू नकोस आत्या, सांगून ठेवतो!" पुढारी बांधावरून ओरडला.

"लावला तर काय, दोरी रडेल?" आत्या गुडघाभर पाण्यातून म्हणाली आणि तिनं विळा दोरीवर टेकवला.

पुढारी तिचा सख्खा भाचा. गावानं त्याला निवडून दिलं त्या दिवशी त्याची मान जी मागं कलली, ती अजून सरळ झालेली नाही. पण आत्यानं त्याची दुपटी धुतलेली. तिला त्याचा कसला धाक! ती चटया विणायची. नवरा गेल्यापासून तेवीस वर्षं तिचं एकच काम. तळ्याच्या उथळ अंगाला वाढलेलं लव्हाळं कापायचं, वाळवायचं, विणायचं. मी तिचा शेजारी, गाडीवाला. तिचे भारे घरापर्यंत आणायचं काम माझं.

भांडणाचं कारण होतं ते लाकडाचं धूड. लागोपाठ दोन उन्हाळे कोरडे गेले, तळं आटत आटत मागं सरलं आणि लव्हाळ्यात रुतलेल्या एका जुन्या नावेच्या बरगड्या उघड्या पडल्या. उघड्या पडल्या म्हणजे गावाला दिसल्या. आत्याला त्या पहिल्यापासून ठाऊक. त्यांच्यावर आपटून तिचा विळा कितीदा बोथट झालेला. आतल्या अंगाला गंजक्या लोखंडी कड्या होत्या, एका ओळीत. कापलेले भारे वाऱ्यानं वाहून जाऊ नयेत म्हणून ती त्या कड्यांना बांधून ठेवायची. गावातलं कुणी तिकडं फिरकत नव्हतं. चिखलात पाय कोण घालणार?

मग शहरातून एक फोटोवाला आला आणि चार दिवसांनी पेपरात छापून आलं, तळ्यात अनोळखी जहाज सापडलं म्हणून. सकाळपर्यंत जी कुजकी लाकडं होती, ती दुपारच्या जेवणापर्यंत जहाज झाली.

"ते आमच्या खापरपणजोबांचं," पुढारी म्हणाला. "घरात कायम बोलणं असायचं."

"तुमचे खापरपणजोबा मेंढरं राखायचे," दुकानदार म्हणाला. त्याचं किराणा मालाचं दुकान, आणि जिभेला नेहमीच धार. "त्या जहाजातून माल यायचा तो आमच्या पणज्याचा. व्यापार होता आमचा, पार पैलतीरापर्यंत."

दोघं एकमेकांच्या गळपट्टीला धरायचे बाकी राहिले. शेवटी मास्तरांनी मधे पडून मिटवलं, जहाज दोघांच्या घराण्यांचं, भागीदारीतलं. मास्तरांनी शाळेच्या फळ्यावर त्याचं चित्रही काढलं, तीन शिडांचं. बारा पावलांच्या नावेवर तीन शिडं कुठं उभी राहणार, हे कुणी विचारलं नाही.

मीही काही मोठा शहाणा नव्हतो. बघ्यांना गाडीतून तळ्यावर नेताना माझा आजाही त्या जहाजाचं सुकाणू धरून बसायचा. सांगायला काय जातंय? माझ्या आज्याला पाण्याची एवढी धास्ती, की तो आंघोळसुद्धा बेतानं करायचा.

तर त्या जहाजाभोवती पुढाऱ्यानं खांब ठोकले, दोरी ताणली, आणि आत पाऊल टाकायला बंदी केली. आत्याचं सगळं लव्हाळं दोरीच्या आत. लव्हाळं कापायचे दिवस असतात. हिरवं असतंय तोवर आठ-दहा दिवसांत कापलं तर पात लवचिक राहते. उशीर झाला की कडक होते, वळवली की तुटते. मग वर्षभर विणायचं काय?

"अरे, मी तुझ्या जहाजाला हात लावत नाही," आत्या त्या दिवशी म्हणाली. "बाजूचं कापते आणि जाते."

"मोठी माणसं बघायला येणार आहेत. तिथं तू कंबर खोचून चिखलात उभी! बरं दिसतं का ते?"

"तुला लहानपणी खांद्यावर घेऊन याच चिखलातून फिरवलं. तेव्हा बरं दिसलं?"

पुढाऱ्यानं दोन गडी पाण्यात उतरवले. एकानं तिचा हात धरला, दुसऱ्यानं विळा काढून घेतला. मी बांधावर गाडीपाशी उभा होतो. मी बैलाच्या मानेवरचं जू नीट करत राहिलो. जू नीटच होतं.

आत्या घरी जाऊन बसली. दहा दिवस गेले. लव्हाळ्याचे शेंडे पिवळे पडायला लागले.

मग जुन्या वस्तूंच्या कार्यालयातली एक बाई आली. सोबत दोन मजूर, गाळण्या, मोजपट्ट्या. बुटक्या अंगाची, उन्हानं करपलेली, कमी बोलणारी. पुढाऱ्यानं तिच्यासाठी मांडव घातला, पण ती चार दिवस चिखलातच होती. पाचव्या दिवशी तिनं गावाला बोलावलं. पुढच्या ओळीत खुर्च्या मांडलेल्या. पुढारी इस्त्रीच्या कपड्यांत, दुकानदार नव्या जोड्यांत.

"नाव कुणाची, ते कळायला काही नाही," बाई म्हणाली. "खूण नाही, अक्षर नाही. मला सांगितलं, मालक गावातच आहेत."

दोघंही उठून उभे राहिले.

"बरं झालं. मग मला सांगा, तुमचे पणजे माणसं कुठून धरून आणायचे आणि कुठं विकायचे?"

कुणाला काही कळेना.

"आतल्या कड्या माल बांधायच्या नाहीत," बाई म्हणाली. "गाळात त्यांच्याखाली बेड्या सापडल्या. चौदा. नाव वादळानं बुडालेली नाही, तळाला आतून भोक पाडलंय. बहुधा पाठलागावर कुणीतरी होतं, पुरावा राहू नये म्हणून बुडवली. नावाडी पोहून गेले असतील. बांधलेल्यांना ती सोय नव्हती. सहाजणांची हाडं मिळाली."

दुकानदाराला एकदम आठवलं, की त्याचा पणजा गाढवावरून मीठ विकायचा आणि पाण्याच्या वाटेला कधी गेलाच नव्हता. पुढारी म्हणाला, "लोक म्हणत होते म्हणून मी आपलं म्हटलं." मास्तर शाळेकडं निघाले, फळा पुसायला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या. माझ्या आज्याचं सुकाणू कुणाच्या लक्षात नव्हतं म्हणून मी वाचलो.

आत्या मागं उभी होती. पुढं आली तेव्हा ती स्वतःच्या तळहातांकडं बघत होती.

"त्या कड्यांना मी भारे बांधायचे," ती बाईला म्हणाली. "रोज."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"त्या सहाजणांचं आता काय करणार?"

"नातेवाईक कुणी पुढं आले तर त्यांच्या ताब्यात. नाही तर नंबर टाकून पेटीत, गोदामात."

"माझं नाव लिहा."

पुढारी गर्दीत होता, तो तिथून उसळला. "आत्या, वेड लागलं का? लोक म्हणतील, यांच्या घरात बेड्या घातलेली माणसं होती! पुरावा काय तुझ्याकडं?"

"मालक व्हायला दोन-दोन उठले, तेव्हा पुरावा लागला नाही. नातं सांगायचं तर लागतो होय?"

बाईनं पेन उघडून धरलं होतं. "नातं काय लिहू?"

"शेजारी. तेवीस वर्षं त्यांच्या शेजारी काम केलंय."

"शेजारी नात्यात बसत नाही हो."

"मग बसवा. खुर्च्या मोकळ्याच आहेत."

बाई हसली नाही. तिनं लिहिलं.

खांब आणि दोरी त्याच दुपारी निघाली. पुढाऱ्याचीच घाई होती, जहाजाशी आपलं काही नातं लागू नये म्हणून. आत्यानं लव्हाळं कापलं. निम्मं कडक झालेलं. त्या वर्षीच्या चटया खरखरीत झाल्या, गिऱ्हाइकांनी नावं ठेवली.

कागदांना दीड महिना लागला. मग बाई स्वतः दोन पेट्या घेऊन आली. तळ्याच्या वरच्या अंगाला, पाणी पोचणार नाही अशा जागी मी खड्डा खणला होता. जू नीट करण्यापेक्षा ते बरं काम होतं. आत्यानं तळाला एक चटई अंथरली. बाईनं हाडं एकेक करून ठेवली. गावातलं आणखी कुणी आलं नाही.

आम्ही माती लोटत होतो तेवढ्यात बांधावरून पुढाऱ्याची मोटारसायकल आली. तो आम्हाला बघून न बघितल्यासारखं करत होता.

"थांब!" आत्या ओरडली. "खाली उतर."

"मीटिंग आहे, आत्या."

"हक्क सांगताना घसा फोडून ओरडत होतास. मूठभर माती टाकायला मीटिंग आड येते?"

तिचा आवाज असा होता, की तो उतरला. जोडे भुसभुशीत मातीत रुतले. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मूठभर माती घेतली, खड्ड्यात टाकली आणि हात झटकत वळला.

"एकच?" आत्या म्हणाली. "सहाजण आहेत."

तो पुन्हा वाकला.