वाकायचं काम माझं

मी तुळई बोलतेय. वाळवंटाकाठच्या द्रा नदीच्या खोऱ्यातल्या राबहाच्या घराची, खजुराची तुळई. वर मातीचं माळवद, खाली चूल, मधे मी. इतकी वर्षं नुसती करकरले. पण राबहाच्या लेकीच्या, तूदाच्या लग्नात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाही, तेव्हा ऐकाच!

तशी मी जन्माने झाड. खजूर लागायचा थांबला तसं राबहाच्या सासऱ्याने मला पाडलं, उभं चिरलं, सावलीत वाळवलं. खजुराचं लाकूड आतून मऊ, बाहेरून चिवट. म्हाताऱ्याने चिवट बाजू खाली ठेवून मला दोन भिंतींवर टाकलं. ओझं आलं की माझी पाठ दाबली जाते आणि पोट ताणलं जातं. ताण सोसायला पोट चिवट लागतं. बायकांना हे वेगळं सांगायला नको.

माझ्यावर कण्हेरीच्या काड्या पसरल्या, काड्यांवर माती चोपली. पहिल्याच दिवशी मी थोडी वाकले. त्यात लाजायचं काय? ओझं पडलं की वाकायचं, उतरलं की वर यायचं. अजिबात न वाकणारी तुळई कुणी पाहिली असेल तर मला दाखवा.

पण ओझं उतरेल तर ना! पाऊस झाला की माळवद गळायचं. मग राबहाचा भाऊ बास्सू यायचा. हा गावचा गवंडी. मातीत भुसा कालवायचा, जुन्या थरावर नवा थर चोपायचा आणि वर गाणं म्हणायचा. आधीची माती खरवडून काढावी, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या बापाच्याही आलं नव्हतं. गावात सगळे असंच करतात. गळलं? टाक माती. परत गळलं? टाक आणखी. दर थंडीत अंगावर नवी घोंगडी घ्यायची आणि जुनी काढायचीच नाही, अशी माझी गत.

मी खाली खाली येत गेले. एक दिवस बास्सूचं डोकं माझ्यावर आपटलं.

"आई गं! राबहा, तुझी तुळई खाली आली की काय?"

"ती कशाला येईल? तुझाच फेटा उंच झालाय, दादा."

"फेटा नाही, अक्कल वाढलीय."

"मग आपट अजून एकदा. बसेल जागेवर."

घर हसलं. मी जीव तोडून सांगत होते, आणि हे हसत होते! पुढे बास्सूला वाकून आत यायची सवयच लागली. स्वतः गवंडी, पण मान खाली. वर कोण बघतो?

मग तूदाचं लग्न आलं. राबहाची ही एकुलती एक लेक. आमच्याकडे लग्नाच्या दुपारी बायका माळवदावर खांद्याला खांदा लावून रांग धरतात आणि डफावर नाचतात. नवरी मधोमध. तो नाच मधेच थांबला तर नवरीचा संसार मोडतो, असं मानतात. राबहाच्या लग्नात डफाचं कातडं फाटलं, नाच थांबला. तूदा पोटात असतानाच तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिने मनाशी धरलं होतं, लेकीचा नाच काही झालं तरी थांबू द्यायचा नाही.

डफ वाजला. धप्प!

बायका आपापल्या तालात नाचल्या असत्या तर मला गुदगुल्या झाल्या असत्या. पण ही रांग एकदम उठते, एकदम पडते. मी खाली गेले, परत वर आले, पुन्हा खाली निघाले आणि नेमकं तेव्हाच, धप्प! झोपाळ्याला कसा बरोबर वेळेवर धक्का देतात? तसंच. दर ठोक्याला मी जास्त खोल. खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती! आणि मग पोटातले धागे तुटले. कडाड!

खाली राबहा जेवणासाठी कुसकुसचा रवा वाफवत होती. त्यात धूळ पडली. तिने वर बघितलं. अखेर कुणीतरी वर बघितलं! माझ्या पोटाला बोट जाईल एवढी फट.

"दादा, धाव!"

बास्सू आला. वाकूनच आला.

"अरे, वर बघ, वर!"

त्याचं तोंड मातीसारखं झालं. "राबहा, नाच थांबव."

"थांबवायचा नाही."

"छत कोसळेल! तूदा आहे वर!"

"मला काय डोळे नाहीत? माझ्या विणायच्या मागाचा खांब उपट आणि हिच्याखाली लाव. नाचाचं मी बघते."

ती धडाधडा जिना चढली. डफवाल्या यामनाच्या हातातून डफ हिसकावला आणि वेडावाकडा बडवायला लागली. पायात पाय अडकले.

"अगं राबहा, भांग प्यालीस का? ताल गेला सगळा!" यामना ओरडली.

"जाऊ दे! पाय थांबवू नका, माझ्या मागे या. खळ्यावर चला! नवरीला खळं लहान पडायला नको!"

ताल मोडला तसा माझा झोकाही मोडला. रांग वळली, नाचत नाचत जिना उतरू लागली. एकेक पाय उतरत होता आणि मी हलकी होत होते. खाली बास्सू खांबाखाली पाचर ठोकत होता. "धर गं, माझे आई, धर." जन्मात पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला! मी धरलं. शेवटची बाई उतरली तोवर धरलं. खळ्यावर ऊन कलेपर्यंत नाच चालला. ताल चुकला, पण नाच तुटला नाही.

पाहुणे गेले आणि राबहाने बास्सूच्या हातात फावडं दिलं. त्याने थरावर थर खरवडले. टोपल्या भरभरून माती शेतात गेली. मी वर उठले! पूर्ण नाही. इतकी वर्षं अंगात मुरलेला वाक जात नाही, फटही बुजत नाही. पण खांब मधोमध कायमचा राहिला. आता माझ्या दोन छोट्या तुळया झाल्यात म्हणा ना. वाकायला जागाच कमी.

तूदा माहेरी येते तेव्हा त्याच खांबाला टेकून नवऱ्याच्या तक्रारी सांगते. हसत सांगते, म्हणजे संसार बरा चाललाय.

माझं सांगणं एवढंच. नवं टाकण्याआधी जुनं उतरवा. आणि तुळई करकरली की फेट्याला दोष देऊ नका.

बास्सू अजून वाकूनच आत येतो. राबहा खेकसते, "सरळ ये की, दादा! वाकायचं काम तिचं."

मग तो ताठ होतो. आणि वर बघतो.