शाहूपुरीतला ध्रुवीय प्रकाश

माणसाच्या आयुष्यात अशी एखादीच रात्र येते, जेव्हा आकाश स्वतः त्याच्या भेटीला खाली उतरतं. मे महिन्यातल्या त्या रात्री ते लडाखपर्यंत उतरलं. तिथून आमची शाहूपुरी उरली फक्त अठराशे किलोमीटर.

सूर्यावरच्या वादळामुळं लडाखला ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचली. काल एवढं आलंय तर आज उरलेलं अंतर कापेल, अशी भूगोलाच्या निवृत्त शिक्षकाला न शोभणारी आशा मी धरली. त्याला कारण होतं. बायकोच्या, पद्मजाच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की एकच उत्तर, "आता बघण्यासारखं राहिलंय काय?" हे ती माझ्याकडं बघत म्हणायची. तिला बघण्यासारखं काहीतरी दाखवणं भाग होतं.

रात्री आठला तिला गच्चीवर नेलं. शेजारचे आकाराम आधीच भडंगाचा डबा उघडून बसले होते.

"सर, कुठल्या बाजूनं येणार?"

"उत्तरेकडून."

"म्हंजे एसटी स्टँडावरनंच की!"

दीड तास गेला. भडंग संपलं. उत्तरेला काळोख, तोही नेहमीचाच.

"सर, तुमची गाडी रद्द झाली वाटतं."

मी उठलो, तेवढ्यात पद्मजा ओरडली, "अगं बया! दिसलं की!"

"कुठं?"

"त्ये काय! मधी पिवळं, भोवतीनं हिरवं, भायेर तांबडं. एक न्हाय, रांगच हाय!"

तिचं बोट स्टँडासमोरच्या दिव्यांकडं होतं. आकाराम रिकाम्या डब्यात बघू लागले.

"ते रस्त्याचे दिवे आहेत," मी म्हणालो. "रंगाची वलयं मोतीबिंदूची."

तिनं पुन्हा दिव्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्हणजे तुम्हाला ही वलयं दिसत न्हाईत?"

"नाही."

"नुसते दिवे?"

"नुसते दिवे."

"आणि खरं असतंय ते ह्याच्यापेक्षा भारी?"

"लई भारी हो वैनी," आकाराम म्हणाले. "मोबाईलवर बघितलंय."

"मग सोमवारी डॉक्टरांकडं चला. दोन्ही डोळे करून टाकू. पुढच्या वादळाला सरळ लडाख गाठायचं."

दोन वर्षं मी जे करू शकलो नव्हतो, ते न आलेल्या प्रकाशानं करून दाखवलं. मी उत्तरेकडं तोंड करून हात जोडले.

"ते हात सोडा आधी," पद्मजा म्हणाली, "आणि माझा धरा. जिन्याची पायरी दिसंना झालीय."