खरकट्या पाण्याची वाटणी

पाण्यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, त्यात नवल नाही. पण आमच्या शेजारच्या दोघी जावा भांडल्या त्या खरकट्या पाण्यावरून. माझ्या चुलीमागची भिंत त्यांच्या परसाला लागून. मला कान लावायची गरज नव्हती, सगळं आपसूक घरात यायचं.

"माझ्या मोरीचं पाणी पिऊन माजलाय तुमचा वेल, जाऊबाई."

"मग तू प्यायचं होतंस," थोरली वांग्यांच्या बुडाशी माती ओढत म्हणाली. "तू टाकलेलंच घेते ना मी?"

"टाकलेलं असलं म्हणून काय झालं? माझं आहे. कुठं टाकायचं ते मी ठरवणार."

भावांची वाटणी झाली तेव्हा नळासकट पुढचं घर धाकटीला गेलं. थोरलीला मागची खोली आणि दगडगोट्यांचं परस. थोरला गुडघ्यांनी जाग्यावर बसलेला, त्यामुळे परसात उगवेल तेच दोघांच्या ताटात. नळाचे दोन हंडे मिळायचे, तेही धाकटीचं तोंड बघून. पण उतार कोणाच्या वाटणीत येत नाही. धाकटीच्या मोरीचं पाणी आपल्या पायांनी थोरलीकडे यायचं. तिनं त्याला पाट काढून दिला, तोंडाशी खरकटं अडायला गवताचा बोळा बसवला, कोपऱ्यात खड्डा करून पालापाचोळा, सालं, केर कुजवला. सगळ्या शेजाराची झाडं उन्हानं करपली तेव्हा हिच्या मांडवावर भोपळ्याचा वेल पानं हलवत होता. धाकटीच्या डोळ्यांत तेवढंच खुपलं.

भांडण झालं त्याच दुपारी तिनं मोरीचं भोक चिंध्या आणि चिखलानं बुजवलं आणि आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीलगत खड्डा खणून पाणी तिकडं वळवलं.

"भिंत मातीची आहे गं," तिचा नवरा म्हणाला.

"घ्या, भावाचीच बाजू घ्या."

तो बापडा चपला घालून बाहेर गेला. त्याचं भांडण नेहमी चपलांपर्यंतच यायचं.

थोरली विनवायला गेली नाही. दोन हंड्यांतला थेंब थेंब तिनं परसात नेला. भांडी घासायची ती शेंगांच्या वाफ्यात बसून. धान्य धुतलेलं पाणी मिरचीला. आणि नवऱ्याची आंघोळ तर सगळ्यांना बघायला मिळाली. एका सपाट दगडावर त्याला बसवायचं, आणि तो दगड रोज नव्या झाडाशी सरकवायचा.

"आज कोणाची पाळी?" तो विचारायचा.

"वांग्याची. सरळ बसा, पाठीवरून ओतते. आणि साबण मागू नका."

"काल भोपळ्यापाशी जरा सावली तरी होती."

"भोपळा काल जेवला."

धाकटी मधल्या भिंतीवरून डोकावून हसायची. "भावजी, पालवी फुटली का हो तुम्हाला?"

"फुटेल, फुटेल," तो म्हणायचा. "तुमच्या खड्ड्याला वास फुटला तशी."

वास सुटलाच होता. डास तर इतके की मीही संध्याकाळी दार लावून घ्यायची. पण धाकटी मागे हटेना. उलट एके दिवशी कपडे धुतलेलं सोड्याचं गरम पाणी तिनं बादलीभर भिंतीवरून वेलाच्या बुडाशी ओतलं. दुसऱ्या दिवशी पानं कडेनं तांबडी झाली, एक फांदी मान टाकून पडली. थोरलीनं बुडाची माती हातांनी उकरून बाहेर टाकली, खड्ड्यातलं काळं खत भरलं, आणि प्यायच्या हंड्यातलं पाणी ओतलं. दिवसभर नवरा-बायको माझ्याकडून मागून पाणी प्याले. संध्याकाळी मात्र तिनं फावडं घेतलं आणि पाटाच्या तोंडाशी, आपल्या हद्दीत, दगड-मातीचा बांध घातला.

"आता तू सोडलंस तरी नको मला," ती भिंतीकडे बघून म्हणाली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. धाकटीच्या भिंतीला आधी पोपडे आले, मग ओल चढली. भिंतीला टेकलेली धान्याची कणगी खालून बुरसली. एका दुपारी भिंतीचा तळ फुगून सुटला, आणि चुलीवरच्या भांड्यावर मातीचं ढेकूळ आलं. ती पळत मोरीशी गेली, हातांनी चिंध्या उपसल्या. पाणी बांधापर्यंत आलं आणि तिथंच तुंबून परत तिच्या उंबऱ्याकडे चाललं. बांधावर थोरली बसलेली.

"बांध काढा, जाऊबाई. घर पडेल माझं."

"तुझं पाणी आहे. कुठं टाकायचं ते तू ठरव."

"किती अंत बघाल? घ्या म्हणते ना पाणी."

"घेईन. पण सोडा नाही चालणार. कपड्यांचा साबणही नाही. भांडी राखेनं घासायची, आणि खरकटं आधी निपटून खड्ड्यात टाकायचं. माझ्या खड्ड्यात."

"राखेनं हात काळे होतील माझे."

"तोंड झालंय, हातांचं काय घेऊन बसलीस?"

धाकटी काही बोलायला गेली, तेवढ्यात मागे आणखी एक ढेकूळ पडलं. तिनं मान हलवली. थोरलीनं फावड्याच्या एका घावात बांध फोडला.

गोडी झाली असं कोणी समजू नये. धाकटी राखेनं भांडी घासते ती आदळत, शिव्या देत. शिव्या आणि पाणी एकाच पाटानं येतात. थोरली म्हणते, वेलाला शिव्या लागत नाहीत, सोडा लागतो.

पहिला भोपळा उतरला तेव्हा तिनं अर्धा चिरून मधल्या भिंतीवर ठेवला. "कावळ्यांना घाला," पलीकडून आवाज आला. भोपळा दिवस मावळेपर्यंत भिंतीवरच होता. सकाळी नव्हता.

मग पाटातून सालं वाहत आली. नियम मोडला होता, आणि मुद्दामच. थोरलीनं एक साल उचललं, उजेडात धरलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, पण भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. "एवढं जाड साल काढतं का कोणी? निम्मा भोपळा वाया घालवला."

आणि सालं गोळा करून तिनं खड्ड्यात टाकली.