मागची सीट

घरात दोन सुना. धाकटी जन्मापासून आंधळी. दवाखान्याच्या व्यायामखोलीत लोकांचे आखडलेले खांदे नि गुडघे मोकळे करायची तिची नोकरी, त्यामुळे अंगात भलताच जोर. थोरली शिवणकाम करायची आणि तोंडाला कधी टाका घालायची नाही. सायकल क्लबाने डोळस आणि अंध माणसांनी मिळून चालवायच्या जोडसायकली आणल्या, तेव्हा तिनेच जावेला ओढत नेलं. पुढे डोळस, हँडल नि ब्रेक तिच्याकडे. मागे अंध. पायडलं मात्र दोघींची एकाच साखळीला बांधलेली.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा असे. थोरलीची बडबड सुरू. "डावीकडे एक बाई कुत्र्याला फिरवतेय. का कुत्रं बाईला, देव जाणे!" धाकटी खदाखदा हसायची आणि चढ आला की दात आवळून पाय दाबायची. "अगं, तू आहेस म्हणून चढतेय ही," थोरली धापा टाकत म्हणायची. असं धाकटीला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

क्लबाची जोडसायकलींची शर्यत जवळ आली. सरावाच्या एका सकाळी उतारावर थोरली ओरडली, "पुरे, पाय थांबव!"

धाकटीने ऐकलं. पण वारा तोंडावर सपासप येत होता, आणि इतकं जोरात तिला जन्मात कोणी जाऊ दिलं नव्हतं. तिने पाय आणखी रेटले. थोरलीने ब्रेक दाबले, तरी वेग आवरेना; तिचे पायही नाइलाजाने तसेच फिरत राहिले. वळणावर खडी होती.

धाकटीचं कोपर खरचटलं. थोरलीचं मनगट मोडलं, उजवं.

दवाखान्याच्या बाकावर धाकटीने मोठ्या दिरांना सांगून टाकलं. "दादा, चूक माझी आहे. वहिनी थांब म्हणाल्या, मी थांबले नाही."

"असलं काही मनात आणू नकोस. तू मागे बसलेली, तुला काय कळणार?"

"कळलं होतं मला. मी मुद्दाम जोर लावला."

"बरं बरं," दीर म्हणाले. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरलीय ती," तो हळूच भावाला म्हणाला.

कोणीतरी चार शब्द सुनावावेत म्हणून ती वाट बघत राहिली. कोणी सुनावलं नाही. सगळ्यांनी चहा पाजला.

क्लबाने दुसरा जोडीदार दिला. भला माणूस, पण सपाट रस्त्यावरही ब्रेक दाबून धरायचा, आणि पुन्हा पुन्हा विचारायचा, "भीती नाही ना वाटत?" मागून तिने जरा जोर लावला की म्हणायचा, "तुम्ही नुसत्या बसा हो निवांत, मी नेतो." दुसऱ्या फेरीला ती अर्ध्या वाटेत उतरली. तिसरा कोणी आलाच नाही. शर्यतीला त्या सायकलवर क्लबातलं एक नवरा-बायकोचं जोडपं उतरलं, दोघंही डोळस. "सायकल पडून राहण्यापेक्षा बरं," क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले.

थोरलीचं प्लास्टर निघालं. मनगट पूर्वीसारखं वळेना. कात्री धरताना ती कण्हायची. धाकटी रोज तिचा हात मांडीवर घेऊन चोळायची. एके दिवशी धीर करून तिने विचारलं, "वहिनी, बरं झाल्यावर जायचं परत?"

थोरलीने दुसऱ्या हाताने कात्री उचलून बाजूला सरकवली.

"नको गं. तुझी जबाबदारी नाही झेपत मला."

"जबाबदारी? मी जोडीदार होते ना तुमची? तुमचा हात माझ्यामुळे मोडलाय. एकदा तरी शिव्या द्या मला!"

"तुला कशाला शिव्या देऊ?" थोरली मायेनेच म्हणाली. "तुला दिसत असतं तर दिल्या असत्या."

धाकटीच्या हाताखाली ते मनगट गरम होतं. तिने ते पुरतं चोळून दिलं, वर कापड गुंडाळलं आणि आत जाऊन पडली. पुढच्या रविवारी तिला नेहमीच्या वेळी जाग आली. घर झोपलेलं होतं, आणि उठायचं काही कारण नव्हतं.