मथुरेसाठी दगड

धारवाडात बाळाचार्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीस वर्षं त्यांनी शाळेत संस्कृत शिकवलं. शास्त्राबाहेर कधी पाऊल टाकलं नाही, घरात कुणाला टाकू दिलं नाही. त्यांची एकुलती मुलगी मथुरा तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. वीस वर्षं ती लाल आलवणात, केस काढलेलं डोकं झाकून, परसातल्या तुळशीला पाणी घालत राहिली. १९३४च्या श्रावणात विषमज्वराचं निमित्त झालं आणि गेली. मागे तिचं काही म्हणजे काही उरलं नाही. पोटची पोर अशी पुसली जाते, हे म्हाताऱ्याला सोसवेना.

वर्षश्राद्ध झाल्यावर तिच्या नावानं परसात दगडी तुळशीवृंदावन बसवायचं ठरवून ते टांग्यानं उणकलच्या ईरप्पा पाथरवटाकडे गेले.

ईरप्पानं दोन दगड दाखवले. एक राखाडी, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा मऊ. दुसरा काळा.

"मऊ दगडात नक्षी झकास उठते बघा, रायरे. चुकलं तर घासून काढता येतं. पण पन्नास पावसाळ्यांत नाक-डोळे जाणार. काळा टिकतो, पण कुणाचं ऐकत नाही. कोरलं ते कोरलं."

"काळाच," बाळाचार्य म्हणाले. "दर्शनी बाजूला हात जोडलेली बाई काढ. डोक्यावरून पदर. टिकलं पाहिजे."

"हौद्री," म्हणत ईरप्पानं होकाराची मान डोलावली.

कार्तिकात, तुळशीच्या लग्नाला चार दिवस असताना, वृंदावन बैलगाडीतून आलं. परसात उतरवून ईरप्पानं वरचं पोतं काढलं. झुकलेला चेहरा, डोक्यावर पदर, आणि जोडलेल्या हातांत मनगटभर बांगड्या.

"हे काय करून ठेवलंस?" बाळाचार्यांचा आवाज चढला. "माझी मुलगी विधवा होती!"

ईरप्पाचं तोंड उतरलं. बाई कोरायची तर हातात बांगड्या हव्यातच, हे त्याला बापानं शिकवलेलं. देवळातल्या कुठल्या बाईचे हात रिकामे असतात? त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

"तासतो, रायरे. पण ह्या दगडात बांगडी एकटी निघत नाही. मनगटच तुटतंय."

"तुटू दे. काढ."

एवढ्यात मागच्या दारातून मथुरेची आई, अंबूताई, आल्या. उभ्या जन्मात नवऱ्यापुढे ज्यांनी मान वर केली नव्हती, त्या सरळ मूर्तीपाशी गेल्या आणि त्यांनी एकेका बांगडीवरून बोट फिरवलं.

"ईरप्पा, छिन्नी ह्यांच्या हातात दे," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळीही ह्यांनीच फोडल्या होत्या."

खोटं नव्हतं ते. विधवा होऊन आली त्या दिवशी पोरीनं मुठी घट्ट आवळल्या होत्या. बायकांना जमेना, तेव्हा बाळाचार्यांनीच तिचा हात धरून उंबऱ्यावर आपटला. "अण्णा, एक तरी राहू दे," असं ती म्हणाली होती. काचेनं मनगट कापलं, त्यावर हळदही त्यांनीच दाबली. पण एकही बांगडी राहू दिली नाही.

ईरप्पानं छिन्नी-हातोडी पुढे केली. बाळाचार्यांनी ती घेतली, छिन्नी दगडी मनगटावर टेकवली, हातोडी उचलली. ती तशीच हातातून सुटली. मग त्या थंड मनगटावर कपाळ ठेवून म्हातारा ओक्साबोक्शी रडला. ईरप्पानं आपली हत्यारं गोळा केली आणि तो गाडीत जाऊन बसला.

तुळशीच्या लग्नाला पद्मनाभभट आले. धारवाडात नवेच होते ते, आचार्यांच्या विधवा मुलीबद्दल नुसतं ऐकून होते. पूजा सांगता सांगता त्यांची नजर मूर्तीवर गेली. "आचार्य, ही सवाष्ण कोण?"

"माझी मथुरा."

"म्हणजे... ती तर..." मंत्र भटजींच्या ओठांवरच अडकला.

अंबूताईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. बाळाचार्यांनी तुळशीच्या ओटीतल्या दोन हिरव्या बांगड्या उचलून मूर्तीच्या पायाशी ठेवल्या, आणि भटजींचा अडकलेला मंत्र स्वतः पुढे म्हणायला सुरुवात केली.