अर्ध्या डोक्याचा हिशेब

“मास्तर, मान हलवू नका. कान महाग झालेत,” एव्हारिस्तो न्हावी म्हणाला.

सोन्याच्या खाणीच्या त्या गावात सरकारी चलनाची, बोलिव्हारची, नोट आता सोनं गुंडाळण्यापुरतीच उरली होती. डॉलर, अंडी, मोबाइलवरचे आकडे, सगळं चालायचं. पण हजामतीचा दर गुंजभर सोनं. एव्हारिस्तोचा विश्वास कशावरच नव्हता. डॉलर तो उजेडात धरी, अंडं कानाशी हलवी, सोन्यावर ॲसिडचा थेंब टाकी. कापलेले केससुद्धा धुऊन घेई. खाणकामगाराच्या डोक्यात काय सापडेल, सांगता येत नाही.

अबुंदियो मास्तरांनी त्याला पाढे शिकवले होते, म्हणून आज त्याने सोनं न तपासताच कात्री चालवली. मास्तरांची मुलगी कित्येक वर्षांनी चिलीहून येणार होती, दुपारच्या बसने. पण डावी बाजू झाली आणि एव्हारिस्तोला राहवेना. आरशापाशी ठेवलेली मास्तरांची पुडी उघडून त्याने थेंब टाकला. कण हिरवा फेसाळला.

“पितळ आहे, मास्तर.”

बाकावर नंबर लावून बसलेले दोघे पुढे वाकून बघू लागले.

“भाकरीवाल्या क्लोतिल्देनं दिलंय. तिच्या पोराच्या शिकवणीचं.”

“सगळे हेच म्हणतात. कुणीतरी दिलेलंच असतं.”

मास्तर उठले. अंगावरच्या फडक्याची त्यांनी नीट घडी घातली.

“अहो, बसा! राहिलेलं फुकट कापतो.”

“फुकटात कापलेलं डोकं घेऊन मुलीसमोर जाऊ? झालं तेवढ्याचं देणं लागतो.” टोपी घालून ते निघाले.

पुडीची नोट केरात टाकताना एव्हारिस्तो थबकला. तिचा कोपरा कात्रीने उडवलेला होता. हे पितळ परवा एका खाणवाल्याने त्याच्याच गळ्यात मारलं होतं. पुन्हा आपल्याकडे येऊ नये म्हणून त्याने नोटेला खूण केली होती, आणि संध्याकाळच्या गर्दीत क्लोतिल्देकडून मक्याच्या भाकऱ्या घेताना ते खपवलं होतं.

कात्री खिशात घालून तो थांब्याकडे धावला. बस आलेली होती. मुलीने मास्तरांना मिठी मारली, हसत टोपी उचलली आणि हसायची थांबली.

“बाबा, हे कुणी केलं?”

मास्तरांना गर्दीत एव्हारिस्तो दिसला. त्या नजरेत संशय होता की नाही, त्याला कळेना.

“मीच. आपला आरसा लहान आहे गं. अर्धंच दिसतं.”

दुकानात परतून एव्हारिस्तोने जमिनीवरचे पांढरे केस गोळा केले. धुतले नाहीत. कोपरा उडालेल्या नोटेत गुंडाळले आणि गल्ल्यात ठेवले.