खांद्याची विचारपूस

मित्रांनो, मला ना हात ना खांदा, पण माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या खांद्याची विचारपूस करण्यात गेला. मी एक जुनी प्रश्नावली आहे. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात, एका इस्पितळात राहते.

जन्माने मी परकी. माझे प्रश्न दूरदेशी लिहिले गेले. खांदा दुखणाऱ्याने प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची आणि खुणांच्या बेरजेवरून दुखणं किती ते ठरायचं, हे माझं काम. मला तुर्की बोलायला शिकवलं ते नेर्मिनबाईंनी. आखडलेल्या सांध्यांना व्यायाम देणं हा त्यांचा पेशा. त्यांच्या सांगण्यावरून दोघा जाणकारांनी माझं वेगवेगळं भाषांतर केलं, तिसऱ्याने मूळ न बघता ते उलट माझ्या पहिल्या भाषेत फिरवून पाहिलं. चहाचे ग्लास रिकामे होत आणि एकेका शब्दावरून नुसती तंडातंडी चाले. "डोक्यावरून चेंडू फेकता येतो का?" असं एका म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं, तर तो म्हणाला, "या वयात चेंडू खेळलो तर बायको घराबाहेर काढेल की हो, बाई!" झालं, चेंडू गेला आणि त्या जागी उंच दोरीवर धुणं वाळत घालणं आलं. त्या दिवशी मला वाटलं, चला, आता मी इथलीच झाले.

माझं कौतुकही खूप झालं. ही भरवशाची आहे, असं मोठमोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मग कुणाची शस्त्रक्रिया आधी आणि कुणी थांबायचं, हे माझी बेरीज बघून ठरू लागलं. केवढा गर्व झाला होता मला! जळो तो गर्व.

थंडीच्या तोंडाला साती आली. हिवाळ्याच्या बेगमीसाठी घरोघरी युफ्काच्या पातळ पोळ्या लाटून देणारी बाई ती. तिच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटत आला होता. वेळेवर शिवला असता तर हात वाचला असता. बरोबर तिची सासू दोंद्यू होती.

"दोरीवर धुणं घालताना त्रास होतो?" नेर्मिनबाईंनी विचारलं.

साती तोंड उघडणार तोच सासू म्हणाली, "हिला काय धाड भरलीय? घरात सून असताना धुणं काय मी वाळत घालू?"

"अल्लाची कृपा," साती खाली बघत म्हणाली. "जमतं."

"कुशीवर झोपताना?"

"अल्लाची कृपा."

दुखतं म्हणणं म्हणजे देवाने दिलेल्याला नावं ठेवणं, असंच इथे मानतात. नेर्मिनबाईंची आईही याच वळणाची होती. त्यांना कळायला हवं होतं. पण बाहेर रांग लागली होती.

"केस विंचरताना?"

"अजिबात नाही," साती पटकन म्हणाली.

नेर्मिनबाईंनी शून्यावर, म्हणजे 'त्रास नाही'वर, खूण केली. सही करायला साती वाकली, तसा तिच्या डोक्यावरचा रुमाल सरकला आणि मी पाहिलं. वेणी नव्हतीच. डाव्या हाताने कात्री चालवल्यासारखे केस वेडेवाकडे कापलेले होते. अहो बाई, बघा ना इकडे! पण कागदाला कुठली वाचा? तिने रुमाल पुढे ओढला. माझी बेरीज अगदी कमी आली. थांबायला हरकत नाही, असं ठरलं आणि साती लाटणं धरायला घरी गेली.

ती परत आली तेव्हा उन्हाळा लागला होता. फाटलेला स्नायू आत आक्रसून गेलाय, आता शिवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वेळी ती एकटीच होती.

"का गं बोलली नाहीस तेव्हा?" नेर्मिनबाईंनी विचारलं.

"तुम्ही विंचरण्याचं विचारलंत, बाई. हात वर जाईना म्हणून वेणी मीच कापून टाकली होती. मग त्रास कसला?" असं म्हणून ती हसली, आणि मग हळूच म्हणाली, "आता लाटणं नाही का धरता येणार?"

नेर्मिनबाईंनी मान फिरवली. त्यांना रडू आवरेना.

मित्रांनो, आजही रोज सकाळी माझ्या कोऱ्या प्रती निघतात. आजही बायका अल्लाची कृपा म्हणतात आणि मी शून्यं गोळा करते. मला याची लाज वाटते, पण मला थांबता येत नाही. तुम्ही तरी नुसत्या माझ्यावर विसंबू नका. कुणी 'बरी आहे' म्हणालं, तर सोबतच्यांना बाहेर बसवा, जवळ बसा आणि म्हणा, घरी कसं करतेस ते दाखव बघू. सातीला एवढंच म्हणायला कुणीतरी हवं होतं.